दोन्ही हात मावायला हवेत

किसुमूच्या बसस्टँडमागे आमचं दुकान:
पत्र्याचं शटर, काचेचं कपाट, आणि मी, ओपोंडो,
अकरा वर्षं फोन विकून
जीभ गुळगुळीत झालेला.

कुठला घेऊ, असं कुणी विचारायचा अवकाश,
माझी टेप सुरू.
निळ्या खोक्यातला बघा, धातूची कड, पाठीला काच,
हातात घेतला की घेतल्यासारखं वाटतं.
काळ्या खोक्यातला प्लास्टिकचा, पण बॅटरी दोन दिवस,
आणि आवाज? मटाटूच्या टपावर ठेवा,
अख्खी गल्ली नाचेल.

ती आली दुपारी, बाजार उठल्यावर.
कोपराला खवले चिकटलेले,
अंगाला सुकत्या ओमेनाचा वास.
मी बोलत होतो तेव्हा फोनकडे नाही,
माझ्या ओठांकडे बघत होती.
मला वाटलं, छाप पडतेय.

आवाजापाशी आलो आणि गाणं पूर्ण सोडलं.
पलीकडचा टायरवाला हातोडी थांबवून वळला.
हिची पापणी हलली नाही.
मग कानापाशी हात नेऊन तिने
गळका नळ बंद करावा
तशी दोन बोटं फिरवली.

अकरा वर्षांत टेप पहिल्यांदा अडकली.

पुढचं सगळं तिने केलं.
दोन्ही फोन फळीवर पालथे ठेवले,
शेजारी तळवा टेकला,
आणि मला खूण: लाव फोन.
निळा थरथरला, माशी झटकावी इतपत.
काळा गुरगुरला,
फळीतून माझ्या कोपरापर्यंत आला.
तिने काळ्याकडे एक बोट केलं.

अंगठा टेकवून बघितला.
दोघांनीही तिला ओळखलं नाही.
मीठ आणि खवल्यांनी रेषा केव्हाच खाल्ल्या होत्या.
ती मोठ्याने हसली,
इतक्या मोठ्याने की मीच दचकलो.

निळा तिच्या हातातून मासा सुटावा तसा सुटला.
मी वरच्यावर झेलला.
काचेची पाठ तिने पदराने पुसली, पुन्हा धरली,
पुन्हा निसटू लागली.
काळ्याला दुसरं बोट.

मला वाटलं, झालं, ठरलं.
मी पावतीबुक ओढलं.

तिने माझा चहाचा कप मागितला.
त्याला काळा टेकवून उभा केला, दोन पावलं मागे सरली
आणि आरशासारख्या त्या पडद्यासमोर
हात उचलले.
हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
हिला लागत होता.
मनगटातली मण्यांची कांकणं वर आली, बाहेर गेली,
बोटं कडेवर कापली गेली,
वाक्य अर्ध्यातच पडलं.
मग निळा.
त्याच्यात चेहरा, खांदे, दोन्ही कोपरं,
सगळी ती मावली.

तिने शटरकडे बोट केलं. मी अर्धं ओढलं.
अंधारात काळ्याने तिच्या बोटांची उगाली केली.
निळ्यात दहाही मोजता येत होती.

मग कमरेच्या पिशवीतून एक फोटो:
गणवेशातला पोरगा, मुमियासच्या शाळेचा,
फोटोतही हात मध्येच थांबलेले,
काहीतरी सांगता सांगता.

निळा तीन हजार शिलिंगांनी महाग.
ओलसर नोटा तिने दोनदा मोजल्या,
तेवढेच कमी पडले.
मी आकडा लिहिला, तिने मासळीची टोपली दाखवली
आणि चार बोटं. चार शुक्रवार.
वहीत अंगठा उमटवला: गुळगुळीत निळा ठिपका,
एकही रेषा नाही.
रबराचं खरखरीत कव्हर मी फुकट दिलं.
थरथर मात्र कमीच राहिली.
फोन उशाखाली ठेवणार, असं तिने
गालाखाली तळवा धरून सांगितलं.

रात्री टायरवाला निघून गेल्यावर
काळ्या खोक्यातला पुन्हा काढला,
त्याच कपाला टेकवला.
समोर उभा राहून दोन्ही हात उचलले.
त्यांना म्हणायचं असं काही नव्हतं.
तरी कोपरं कापली गेली.