पोच

अर्ज आला तो फेब्रुवारीत, फेरो बेटांवरून.
कोपनहेगनच्या पेटंट कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलापाशी आधी मासळीचा वास पोचला,
मग पाकीट.

अर्जदार: बेइनिर मिक्कलसेन, वीजतंत्री,
मासळी गोठवण्याचा कारखाना, क्लाक्सविक.
शोध: दोन संगणकांमधली तुटकी जोडणी
न तोडता सांभाळण्याची रीत.

मधे डोंगर, धुकं, वादळ.
या काठावरचं यंत्र सांगतं: कॉड, चाळीस खोकी.
पलीकडून काहीच येत नाही.
निरोप पोचला नाही,
की पोचला, आणि पोच वाटेत बुडाली?
शांततेला एकच तोंड असतं, त्यानं लिहिलं होतं.
(अर्जात असलं लिहीत नाहीत. मी तांबडी रेघ मारली.)

म्हणून, दावा पहिला:
प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यावा.
एकच मासा दोनदा मरू नये.

दावा दुसरा: पोच आली नाही तर पुन्हा विचारावं,
पण लगेच नाही.
एक पळ थांबावं. मग दोन. मग चार. मग आठ.
मागे लागू नये, आणि सोडूनही देऊ नये.

दावा तिसरा: थांबण्यात थोडी लहर मिसळावी, फासा टाकावा.
नाहीतर दारात समोरासमोर आलेल्या दोन भिडस्त माणसांसारखी
दोन्ही यंत्रं एकदम बोलतील, एकदम गप्प होतील,
पुन्हा एकदम बोलतील.

मी अर्ज नाकारला.
पंधराएक वर्षं आधी, दुसऱ्याच समुद्रात,
रेडिओवरच्या यंत्रांना कुणीतरी फासा टाकायला शिकवलं होतं.
तीही बेटंच. बेटांनाच सुचत असावं हे.
पण पत्रात मी एवढंच लिहिलं: नवे काही आढळत नाही.

ऑक्टोबरात त्याचं कार्ड आलं:
तुमचे पत्र पोचले. क्रमांक एक.

याला उत्तर द्यायचा नियम नव्हता.
नोव्हेंबरात पुन्हा तेच कार्ड, तोच क्रमांक.
जानेवारीत. मे महिन्यात.
पुढच्या जानेवारीत.
मी ती खणात टाकत गेले, विक्षिप्त माणूस म्हणून.
मग दीड वर्षानं एक. मग बर्लिनची भिंत पडली,
माझा घटस्फोट झाला, कचेरीत नवे संगणक आले,
आणि ब्याण्णवच्या जानेवारीत एक.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात निवृत्त होताना
खण रिकामा केला. त्याच सकाळी आठवं कार्ड आलं होतं.
आठही टेबलावर मांडली, बोटांवर महिने मोजले:
एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट.
तारखा मात्र दोन-चार दिवस मागेपुढे. फासा.

अकरा वर्षं तो माणूस
माझ्यासारख्या पोच नसलेल्या बाईला
दावा दुसरा आणि तिसरा करून दाखवत होता.

त्याच रात्री लिहिलं: पोचली. क्रमांक एक.
दिव्याखाली तिकीट उलटं चिकटलं, तसंच राहू दिलं.

आता पोचेची पोच नसते, हे मलाही कळतं;
असती तर संपलंच नसतं काही.
माझं कार्ड मिळालं असेल तर तो गप्प राहील.
बुडालं असेल तर पुढचं येईल,
एकशे अठ्ठावीस महिन्यांनी, दोन हजार आठच्या जानेवारीत.
आणि तो मेला असेल,
तरीही तो गप्पच राहील.

त्या जानेवारीत मी रोज खाली उतरले.
गुडघ्यांनी कुरकुर केली. पायऱ्यांवर बर्फ.
पेटीत वीजबिल, दंतवैद्याची आठवण, काहीच नाही, पिझ्झाची जाहिरात.
फाशासाठी म्हणून फेब्रुवारीचाही पहिला आठवडा धरला.

पोस्टमन एस्किलनं विचारलं, कुणाच्या पत्राची वाट बघताय?
म्हटलं, एक पत्र यायचं नाहीये,
ते नीट येत नाहीये ना, एवढंच बघतेय.

तो हसला. वर जायला निघाला.
मी पेटीत हात घालून पुन्हा एकदा चाचपलं,
आणि बोटं नाकाशी नेली.