मचूळ

केसपेपर दोन आहेत.
एक पिवळा, एक पांढरा.
नाव दोन्हींवर तेच : भार्गव रघुनाथ शिवलकर,
वय चौतीस, मुक्काम तवसाळ,
सोबत आलेली व्यक्ती : बहीण.

पिवळ्या खिडकीतला माणूस म्हणतो,
आधी स्वभावाचं बघून घ्या, मग दारूचं बघू.
पांढऱ्या खिडकीतली बाई म्हणते,
आधी दारू सुटू दे, मग स्वभाव कळेल.
मधल्या बाकावर आम्ही दोघं
आणि डब्यात गार झालेले घावणे.
साडेतीनची एसटी चुकली तर
जयगडहून पलीकडे जायची शेवटची फेरी चुकते,
हे कुठल्याच कागदावर नाही.

तिसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरणीने विचारलं,
"पहिलं काय सुरू झालं?"
मी म्हटलं, थांबा, आठवते.

नऊ वर्षांचा होता.
शाळेच्या सहलीहून मी दीड तास उशिरा आले
तर हा जेट्टीवर बसलेला,
मनगटावर स्वतःच्याच दातांचा गोल.
"तू येनार नायस वाटला."
तेव्हा तोंडात माडीचा थेंब नव्हता.
घरात वास मात्र होता. बाबा माडावर चढायचे.

सोळाव्या वर्षी पहिल्यांदा प्यायला
आणि म्हणाला, आक्का,
आतला भोंगा आज बंद झाला गो.
काय झोपला त्या रात्री!
मी पांघरूण घातलं.
डॉक्टरणीला एवढंच सांगितलं नाही
की मला बरं वाटलं होतं.

पुढचं सगळ्या वाडीला ठाऊक.
सकाळी टोपलीभर कालवं माझ्या ओट्यावर,
"तुझ्यासारकी भैन सात गावांत नाय."
दुपारी माझ्याकडून फोन उचलायचा राहिला.
संध्याकाळी मी वैरीण,
तुळशीची माती अंगणभर.
रात्री खाडीत, कमरेएवढ्या पाण्यात उभा,
"बोलव, नायतर जातो."
मी बोलावलं. दर वेळी बोलावलं.
एकदा भात खाली लागत होता
म्हणून जरा उशिरा.

बायको चार महिने होती, नेवऱ्याची.
तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

मधे सहा महिने सुटली होती.
केंद्रातून आला तेव्हा लोक म्हणाले, सुधारला.
मी घरात होते, मला दिसत होतं :
बाटली नव्हती, भोंगा होता.
एकच तांब्या तासभर घासत बसायचा
आणि मी मागून हाक मारली
तर असा वळायचा
जसं काही मी निघालेच आहे.

डॉक्टरीण लिहायची थांबली होती.
मला वाटलं, काहीतरी बोलायला हवं,
म्हणून आमच्या बावीचं सांगितलं.
खाडीपासून चाळीस पावलांवर बाव.
पावसाळ्यात पाणी गोड,
चैत्र लागला की मचूळ.
एकदा सर्व्हेवाले बाटली भरून घेऊन विचारत होते,
यात बावीचं किती, खाडीचं किती?
बाबा म्हणाले,
"पेल्यात येताना पानी रांग लावून येत नाय."
त्या पाण्यात चहा फाटतो.
डाळ शिजत नाही.
पण पितो आम्ही. दुसरी बाव कुठाय?

ती हसली नाही, हे मला आवडलं.
दोन्ही कागद एकावर एक ठेवले तिने,
टेबलावर टाचणी शोधली, मिळेना.
मग माझ्या खांद्याकडे बघून म्हणाली,
"ताई, तुमची सेफ्टीपिन देता?"

शेवटची फेरी मिळाली.
सुकती लागलेली, बोट हळू.
पदर वाऱ्यावर, पिन रत्नागिरीत.
भारगोने पदराचं टोक धरून ठेवलं,
आधी नुसतं उडू नये म्हणून,
मग जरा जास्तच घट्ट.

जेट्टी आली. गाड्या उतरल्या.
खलाशी म्हणाला, चला, चला.
त्याने अजून सोडलं नव्हतं.