फुंकर

काऊशुंगच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
पी-युन नळी ओठांत धरते.
फुंका, मी म्हणते, अजून, अजून, अजून...
पडद्यावरची रेघ झपकन चढते
आणि चमच्यासारखी खोलगट होत खाली बसते.

वय एकेचाळीस. सिगारेट कधीच नाही.
धाकटीच्या लग्नाआधी सात आठवडे
रोज पेलाभर हिरवा रस:
कच्चा पाला, पेरू, चवीला अननस.
बाजारातल्या बाईने जुडीवर
दोन काड्या फुकट घातल्या होत्या.
नऊ किलो उतरले.
झगा पाठीमागे टाचून घ्यावा लागला.

एक्स-रे स्वच्छ. डॉक्टर शाव तो उजेडाला धरतात
आणि बराच वेळ धरूनच ठेवतात.
केसाएवढ्या वाटा बुजल्या,
तर दिसणार कुठे?
आत गेलेली हवा
परतीचं दार चाचपत बसते.

दम निघत नाही, असं आपण म्हणतो
बस पाच मिनिटं उशिरा आली की.

पुन्हा एकदा, मी म्हणते.
ती हाताने खुणावते, थांब.
बाकावर तिचा मुलगा डबा उघडतो,
पेज अजून वाफाळतेय.
चमचा भरतो, त्यावर हळूच फुंकर घालतो,
आईच्या वाटची.