नंबर चारचा माल

जालन्याच्या एमआयडीसीत, मिक्सिंग मिलवर
केरळची गाठ फोडली की धुराचा वास सुटतो.
काकवीच्या रंगाची शीट, रुळाच्या रेघा उठलेली.
शेठ म्हणतात, नंबर चारचा माल. म्हणजे आत कचरा.

आज निघाली सालीची कपची, नखाएवढी.
कुणीतरी अंधारात झाड तिरकं सोललं असेल,
करवंटीत चीक धरून
आम्लाचं विरजण लावलं,
लाटून धुरीवर वाळत घातला.
सुरी जरा खोल गेली असेल त्याची.
डुलकी, किंवा डास.

मी ते झाड पाहिलेलं नाही.
बाभळीला खिळा मारून डिंक चघळलाय,
एवढीच ओळख.

गंधक घातलं, काजळी घातली.
शीट काळी झाली, तिला आता गाव नाही.

कपची खिशात.
शर्ट पिळताना शमीम विचारेल,
हे काय आणलंत?