अकरा मिलिमीटर

मे महिन्यात अख्ख्या मेडिकलमध्ये
थंडगार खोली एकच, माझी.
माणसांसाठी नाही हो, मशीन तापू नये म्हणून.
चौकीदार बोरकुटे काहीतरी बहाणा काढून येतो,
दोन मिनिटं उभा राहतो, घाम वाळवून जातो.

रात्री पावणेदोनला स्ट्रेचर आलं.
श्यामराव धकाते, वय एकाहत्तर, गोळीबार चौक.
सोबत मुलगी, पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला.
"तीन दिवसांपासून मले ओळखत नाई.
कप हातातून सुटते.
काल म्हणे, माग काऊन बंद हाय?
माग तर बारा सालाआधीच मोडून इकला."

पडले होते का कुठं?
नाही म्हणाली. मग थांबली.
"होळीच्या आधी, मोरीत. थोडंसंच.
टेंगूळबी नव्हतं आलं."

टेबल आत गेलं.
पडद्यावर एकेक काप उमटू लागला.

म्हातारपणी मेंदू आकसतो.
त्याला वर बांधून ठेवणाऱ्या शिरा
ताण्याच्या सुतासारख्या ओढल्या जातात.
एक तुटते. कुणाला कळत नाही.
दोन महिने रक्त झिरपत राहतं,
आणि माणूस जेवतो, पान खातो, लग्नाला जाऊन येतो.

कवटी म्हणजे भाड्याची खोली, दहा बाय दहा,
भिंती पक्क्या, खिडकी नाही.
रक्त येवो, गाठ येवो, सूज येवो,
नवा आला की जुन्याला सरकावं लागतं.
आधी पाणी निघून जातं, कुरकुर न करता.
मग नसा चेपतात.
मग मेंदूच निघतो जागा शोधत,
पडद्याखालून पलीकडे,
नाहीतर खाली, मानेकडे.
दार तिथं एकच आहे
आणि त्या दारातच श्वास बसलेला असतो.

मागच्या आठवड्यात वर्धा रोडवरचा पोरगा आणला होता.
हेल्मेट गाडीच्या हुकाला, नवंकोरं.
आधी एक बाहुली मोठी झाली, मग दुसरी.
मी टेबल बाहेर घेईपर्यंत
त्या दारात सगळी गर्दी झाली होती.

आणि एकदा, फार आधी,
तापाच्या पेशंटच्या पाठीतून पाणी काढायला
एक नवा डॉक्टर सुई घेऊन तयार.
मॅडमनी त्याचा हात धरला. आधी फोटो.
खालची तोटी उघडलीस
तर वरचं सगळं खाली येईल, बाबा.
फोटोत लिंबाएवढी गाठ होती.

आपल्या शहरात देशाचा मध्य दाखवणारा दगड आहे.
ड्युटीला येताना बसमधून रोज दिसतो.
लोक म्हणतात, खरा मध्य भलतीकडेच आहे.
असेल.
दगडाचं काय, चालतं.

मी कर्सर लावला.
मधली रेघ धनुष्यासारखी वाकलेली.
पुन्हा मोजलं. अकरा.

दारातून मुलगी: "काई निंगालं का मॅडम?"
सगळ्यात आधी मला दिसतं
आणि मलाच बोलायची परवानगी नाही.
"रिपोर्ट डॉक्टर सांगतील,"
नऊ वर्षं हेच वाक्य, याच आवाजात.
मग पाठ वळवून फोन उचलला:
"सर, अकरा. डावीकडून उजवीकडे. खाली या.
नाही, चहा नंतर."

कवटीला दोन भोकं पाडली म्हणे.
जळक्या ऑइलसारखं रक्त, आपल्या जोरानंच बाहेर आलं.

चौथ्या दिवशी ते पुन्हा माझ्या टेबलावर,
डोक्याला पट्टी, डोळे टक्क उघडे.
हलू नका, म्हटलं.
हलले नाहीत, पण बोलले:
"पोरी, या मशीनचं कायतरी सैल झालं हाय.
आवाज आयक ना. एक फेरा बरोबर, एक फेरा घसरते."

मला तर नेहमीसारखाच वाटला.
पडद्यावर रेघ अजून चार मिलिमीटर बाजूला होती.
तेवढं राहील कदाचित.

ते गेल्यावर खोली रिकामी होती.
मी मशीन नुसतंच फिरवलं
आणि कान लावून उभी राहिले.