कळमना, काटा क्रमांक तीन

चौथी खेप. एप्रिल.
तोंडाला ओढणी, पर्समध्ये पेनड्राइव्ह,
पारडीकडून ट्रकांच्या मागे मागे मी.
काट्यावर भिवापुरी मिरचीची पोती
आणि सोनकुसरे शिंका आवरत विचारतात,
"तुमच्या ऑफिसात चालते म्हणता मॅडम,
मग माझ्याच इथं काऊन नाही चालून राहिलं?"

काय सांगू?
की माझ्या प्रोग्रामला शेजारणीकडे मागायची सवय:
तारखेचं गणित या लायब्ररीकडून,
पावतीची अक्षरं त्या लायब्ररीकडून.
सोनकुसऱ्यांच्या मशीनवर यातलं कुणी राहतच नव्हतं,
किंवा राहत होतं ते दहा वर्षं जुनं,
नाव तेच, पण ओळख न देणारं.
इंटरनेट नाही. आणायचं कुठून?
पडद्यावर एक ओळ: फाइल सापडली नाही.
मागे ड्रायव्हरचा हात हॉर्नवरून निघत नव्हता.

त्या रात्री खामल्याच्या खोलीवर
कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या
आणि लिंकरला म्हटलं,
आता उसनं बंद.
जे जे लागतं ते आत घे,
हळदीपासून सुईपर्यंत.
तो बराच वेळ घेत राहिला.

दोन एमबीची फाइल, सकाळी बावीस.
"एवढी जाड?" ढोबळे सर.
"हो सर. पण कुणाच्या दारात वाटी घेऊन जाणार नाही."

चालली.
पहिल्या क्लिकला.
पावती सरसरत बाहेर आली,
तारीख बरोबर, 'कळमना'तला ळ शाबूत.
सोनकुसऱ्यांनी ती उजेडात धरून पाहिली
आणि काही न बोलता माझ्यासाठी चहा सांगितला.
मग कापसी, वाडी, हिंगणा,
अकरा काटे, अकरा प्रती.
जुलैपर्यंत मी फार खूश होते.

जुलैत कळलं, तारखेच्या लायब्ररीत एक भोक आहे,
लीप वर्षाचा एक दिवस गिळणारं.
मागून खाणाऱ्यांचं काय,
त्यांच्याकडे एका जागी ठिगळ लागलं, सगळे सुधारले.
माझ्या अकराजणी मात्र
आपापल्या पोटात तीच चूक घेऊन
पावत्या छापत होत्या, गुण्यागोविंदाने.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात.
नांगीही त्याच पाठीची असते.

ओढणीला अजून मिरचीचा वास.
सोनकुसरे काट्यावरूनच ओरडले,
"आता काय बिघडलं मॅडम? चालून तर राहिलं!"
"चालून राहिलं ना," मी म्हटलं,
"म्हणूनच आली."