इंजिन चालू ठेवणारी

विनिपेगमध्ये जानेवारीत बंद केलेली आमची ब्यूक
पुन्हा सुरू होईलच याचा नेम नव्हता,
म्हणून बाबा मला बरोबर न्यायचे.
माझं काम एकच: इंजिन घुरघुरत ठेवायचं,
आवाज खोल गेला की पाय हलकेच दाबायचा.
वय अकरा. पाय जेमतेम पुरायचा.

गाडी नेहमी तीन चौक अलीकडे.
बाबांना कामं मिळवून देणाऱ्या मिसेस फ्रीसेननी
फोनवर स्पष्टच सांगितलं होतं:
"ओरेस्त, लोक आधी गाडी बघतात, मग माणूस.
तुझा तो डबा दारात दिसला
की पाचशेचे तीनशे होतात, तू तोंड उघडायच्या आत."
बाबा म्हणाले, "मी तोंड उघडतच नाही.
त्याचेच तर पैसे घेतो."
त्या हसल्या नाहीत.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार निळं, बाकी गाडी तपकिरी,
आणि निळं दार उघडायचं नाही.
पुढच्या जाळीतून हीटरची वायर लोंबायची
दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी.
आधी मी उतरायचे, मग बाबा, सरकत सरकत,
सॅटिनची कॉलर सांभाळत, मग पेटी.
पेटीत लोकरीत गुंडाळलेला बोर्को.
बोर्कोला थंडी बाधते. लाकूड तडकतं.
बाबांचं काही नाही.

मग ते निघायचे, उणे एकतीसमध्ये,
पातळ तळव्यांच्या चकचकीत बुटांनी बर्फ चाचपत.
कोपऱ्यावर वळताना मात्र पाठ ताठ व्हायची,
जणू मागे कुठेतरी काळी लिंकन उभी आहे
आणि तिच्यात टोपीवाला शोफर.
शोफर मी होते.
कानटोपी घालून.

आत काय व्हायचं, मला ठाऊक नाही.
बोर्को म्हणे क्लबच्या अध्यक्षांची टर उडवायचा,
बायकांच्या केशरचनांना नावं ठेवायचा,
एक दंतवैद्य हसता हसता खुर्चीवरून पडला म्हणे.
हे सगळं परतीच्या वाटेवर.
आधी पाकीट मोजायचं, मग किस्से.

एकदाच त्यांनी खरोखरची लिंकन आणली, भाड्याने.
विमा कंपनीची मेजवानी, हॉटेलचा दरवाजा, दिव्यांची कमान.
मिसेस फ्रीसेननी सातशे मागितले नि सातशे मिळाले.
त्यातले भाड्यात किती गेले
ते आईने कॅलेंडरवर लिहिलं, लाल पेन्सिलीने,
आणि महिना उलटला तरी पान उलटलं नाही.
त्या रात्री इंजिन बंद करता येत होतं.
"मी येऊ आत?" मी विचारलं.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोटाकडे.
त्याची एक बाही आईने दुसऱ्या कापडाची लावली होती.
"गाडीत ऊब आहे," ते म्हणाले.
होतीच. सीटसुद्धा गरम व्हायची.

मी सतरा वर्षांची असताना ब्यूक भंगारात गेली.
यार्डातल्या माणसाने तिच्याभोवती एक फेरी मारली,
टायरला लाथ घातली, म्हणाला, "दीडशे."
बाबा गप्प. हात खिशात, नजर भलतीकडे.
आणि बॉनेटखालून एक बारीक, चिडका आवाज आला,
"दीडशे? अरे, माझी नुसती निळी बाजू
दोनशेला जाईल! आणि लाथ कुणाला मारतोस रे?"

माणूस दोन पावलं मागे सरला.
मग जो हसायला लागला,
तेलकट हातांनीच डोळे पुसत राहिला,
तोंडभर काळं झालं तरी थांबेना.

दिले त्याने दीडशेच.

पण मी तेव्हा त्याच्याकडे बघत नव्हते.
"बाजू" म्हणताना
बाबांचा खालचा ओठ किंचित हलला होता.
एवढी वर्षं लोकांना तो दिसत असेल का,
की दिसूनही ते हसत असतील,
हे मी कधी विचारलं नाही.

बसथांबा तीन चौक दूर होता.
बाबा सावकाश चालत होते,
पाठीला थोडा बाक देऊन,
आणि या खेपेला त्यांच्या बरोबरीने मीही.